मशीनच्या पाठीमागची फ्यूजची डबी

जुनी म्हणा, जळकी म्हणा, पण मी फ्यूजची डबी आहे, मित्रांनो. अंगठ्याएवढी, काळी. मला शोधायचं असेल तर गाण्याच्या मशीनच्या पुढून शोधू नका. पुढून सगळेच पाहतात. पुढे चकचकीत बटणं असतात, नाचणारे लाल-हिरवे दिवे असतात आणि त्यांच्यावरून दर सणाला फडकं फिरतं. मी मागे असते, जिथून वायर आत शिरते तिथे, भिंतीकडे तोंड करून. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं तरी कोणी विचारत नाही. पण घरातली लाईट मशीनच्या पोटात जाते ती माझ्या मांडीवरून जाते. माझ्याशिवाय त्या नाचऱ्या दिव्यांची पेटायची काय टाप होती!

माझं काम एकदा नीट ऐकून घ्या, पुन्हा सांगायची ताकद माझ्यात नाही. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. तिच्यावर काचेची एक नळी बसते, तिला फ्यूज म्हणतात. बोटाच्या एका पेराएवढी नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आणि आत केसासारखी बारीक तार. लाईट त्या तारेतून जाते. मशीनला झेपणार नाही एवढी लाईट आली की ती तार स्वतः वितळते आणि रस्ता तोडून टाकते. मशीन वाचतं, तार जाते. लोक म्हणतात फ्यूज उडाला. मी म्हणते, मेला. आणि मेला तो माझ्या मांडीवर मेला, म्हणून बोलायचा हक्क माझा आहे.

माझा जन्म कोणत्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. गरम काळ्या रसाचं मला साच्यात ओतलं, आणि पुरती थंड व्हायच्या आत कोणीतरी बाहेर ओढलं. एका बाईने मान वर न करता माझ्या दोन्ही पायांना तारा जोडल्या आणि मला मशीनच्या पाठीत बसवलं. शेजारी एक सरकतं बटण होतं. त्याच्या एका बाजूला ११० लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला २२०. कमी दाबाची लाईट असते अशा परदेशांसाठी ११०, आपल्यासाठी २२०. ते बटण तेव्हापासून माझा शेजारी. गरीब होतं बिचारं. जिकडे ढकलाल तिकडे जायचं. त्याचा हाच गुण पुढे आम्हाला महागात पडला.

गोंदियाच्या बाजारातून यादोरावांनी आम्हाला उचललं. त्यांच्या केशोरी गावापर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी एस.टी.त मशीन मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या माणसाने म्हटलं, "खाली ठेव ना गा, पाय दुखतील." तर म्हणाले, "पाय माये आहेत. दुखू दे."

घरी अन्नपूर्णाबाई दारातच उभ्या होत्या. यादोरावांची बायको. हातात झाडू, कपाळावर आठी. त्यांनी मशीनकडे पाहिलं, दोन मोठ्या स्पीकरच्या पेट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्या पेट्या कायले? धान ठेवाले?" पण दुसऱ्या दिवशी मशीनवर क्रोशाचं झाकण पडलं, ते त्यांनीच विणलेलं होतं. बाई अशा. तोंडाने चटका देणार आणि हाताने पांघरूण घालणार. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या.

यादोराव जवानीत कव्वालीच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला गावोगावी सामने व्हायचे, दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. लग्न झालं, शेती आली, पार्टी फुटली. मग हे मशीन आलं. दुपारी जेवण झालं की यादोराव कॅसेट लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. दुसरे लोक गाणं ऐकतात तसं ते ऐकत नसत. हार्मोनियमची पेटी कुठे चुकली, कोरसमधला कोण उशिरा आला, सगळं त्यांना कळायचं. मधूनच ओठ हलायचे. त्या वेळेला घरात कोणी भांडं आपटलं तर अन्नपूर्णाबाईच सुनेवर ओरडायच्या, "हळू वो! तुये सासरे मैफिलीत गेले आहेत."

त्या वर्षांत माझ्या मांडीवर फ्यूज आले ते नांदले. एखादा आपल्या वयाने जायचा. तार मध्येच तुटलेली, काच मात्र स्वच्छ. अशा मरणाचं दुःख नसतं. यादोराव मशीनची वायर भिंतीतून आधी काढायचे, मग मला फिरवून उघडायचे. फ्यूजच्या टोपीवरचा आकडा वाचायचे आणि त्याच आकड्याचा नवा आणायचे. तेवढं सोपं आहे ते, मित्रांनो. तेवढंही पुढे कोणाला जमलं नाही.

मग यादोरावांचे कान जायला लागले.

आधी पेटी गेली. ढोलकीची थाप त्यांना ऐकू यायची, पण पेटीचे बारीक सूर नाही. कानात घालायचं मशीन आणलं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी काढून ठेवलं. मोबाइलवरचं गाणं तर त्यांना डास गुणगुणल्यासारखं वाटायचं. आमचं मशीन पूर्ण आवाजात लावलं आणि ते स्पीकरच्या समोर खाट टाकून बसले, तरच गाणं त्यांच्यापर्यंत पोचायचं. त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

"संघदीप, आवाज वाढव ना गा. पेटी आयकू नाही येऊन राहिली."

संघदीप म्हणजे त्यांचा मुलगा. तो म्हणायचा, "बाबा, पूरा वाढवला आहे. शेजारचे लोक ओरडून राहिले."

अन्नपूर्णाबाई आतून म्हणायच्या, "शेजारच्याइले म्हणा, कान झाकून घ्या. ज्याचे बंद होऊन राहिले तो काही बोलत नाही, तर यायले कायचा तरास?"

आता उन्हाळी धानाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्या वस्तीची लाईट आणि शेतातल्या पंपांची लाईट एकाच डीपीवरून, खांबाजवळच्या एकाच पेटीतून येते. उन्हाळी धान लागलं की पंप चालू होतात आणि घरातली लाईट अर्धी होते. पंखा पाय ओढत फिरतो. मशीन खोकल्यासारखं बोलतं. मोठा आवाज तर निघतच नाही. बरोबर त्याच महिन्यांत यादोराव खाटेवर बसून नुसते स्पीकरकडे पाहायचे. कोणाला काही म्हणायचे नाहीत. न बोलणारा माणूस घरात असला की घर जड होतं.

एक दिवस संघदीप तालुक्याच्या गावाहून, अर्जुनीहून आला तो मोठ्या उत्साहात. सरळ मशीनच्या मागे. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे आलं म्हणून मी जरा सावरून बसले, तर हात शेजारच्या बटणावर गेला.

"हे खाली केलं का मशीन ताकदीनं वाजते म्हणतात."

त्याची बायको रीना शिकलेली. ती म्हणाली, "अजी, त्याच्यावर ११० लिवलं आहे. आपल्या देशातलं नसंल ते."

"लाईट तरी कुठं आपल्या देशातली येऊन राहिली?" संघदीप म्हणाला आणि बटण सरकवलं.

खोटं कशाला बोलू? मशीन वाजलं. असं वाजलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. यादोराव खाटेवरून अर्धे उठले. "आली! पेटी आली!" म्हणाले आणि त्यांची बोटं गुडघ्यावर ढोलकी वाजवायला लागली. अन्नपूर्णाबाई चुलीजवळून आल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "धूर झाला आहे घरात." चूल तर पेटवलेली नव्हती.

अर्धी लाईट आहे तोवर ११० वर चालून जातं. मशीन तापतं, पण चालतं. भीती पुढची आहे. पंप बंद झाले की लाईट एकदम पूर्ण येते आणि मशीनला वाटतं अजून कमीच येते आहे. मग ते तोंड उघडून सगळं पितं. तेवढं पिऊन कोण जगतं?

हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पंप बंद व्हायला लागले की लगेच बटण वर करायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. आजकालचे पांढरे बल्ब कमी लाईटचा पत्ता लागू देत नाहीत, म्हणून खाटेवर मुद्दाम जुना पिवळा बल्ब लावला. तो लाल-लाल दिसला तर बटण खाली, झकपक झाला तर धावत जाऊन वर. आणि त्या बल्बवर पहारा कोणाचा? अन्नपूर्णाबाईंचा. लाखोळीची डाळ निवडत, मान वर करून बल्ब पाहत त्या बसायच्या. शेजारची अनुसयाबाई हसायची, "काय वो, बल्बाले नजर लावून राहिलीस का?" या म्हणायच्या, "माया नवरा आयकून राहिला आहे. तू घरी जाय."

पण माणूस बल्बकडे किती पाहील? एके दिवशी बकरी वाडीत शिरली, बाई काठी घेऊन धावल्या, आणि तेवढ्यात बल्ब झकपक झाला. माझ्या मांडीवरचा फ्यूज पापणी लवायच्या आत गेला. काच आतून काळी, चंदेरी. असं मरण मी आधी पाहिलं नव्हतं. काच काळी झाली की समजायचं, मोठा फटका बसला, आधी कारण शोधा. संघदीपने तो हातात घेतला, पाहिला आणि म्हणाला, "कच्चा माल."

नवा आणला. बांगड्यावाली दारात आली त्या दिवशी तोही गेला. पुढचा गेला तेव्हा बाईंचा नुसता डोळा लागला होता. म्हातारपणी दुपारी डोळा लागणारच. त्या स्वतःवर चिडल्या आणि राग काढला फ्यूजवर. "मेले आजकालचे फ्यूज! आमच्या वेळचे बरे होते." आमच्या वेळचे! अहो बाई, फ्यूज तेच आहेत. त्यांचं काम ते करून गेले. तुमच्यासाठी गेले. आणि वरून शिव्या खाल्ल्या.

जयंती जवळ आली होती. गावातल्या दुकानात त्या आकड्याचे फ्यूज संपले. संघदीपने जुन्या वायरमधून तांब्याची तार काढली, मेलेल्या फ्यूजच्या एका टोपीपासून दुसऱ्या टोपीपर्यंत गुंडाळली आणि तसाच माझ्या मांडीवर ठेवला.

"आता नाही उडत," तो म्हणाला.

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "हे आधीच काऊन नाही केलं? एवढे दिवस मले बल्बाखाली बसवून ठेवलं."

सांगा मित्रांनो, मी काय करू? मला तोंड नाही. मेलेल्याच्या अंगावर तार गुंडाळून त्याला उभं केलं होतं आणि घरात सगळे खुश होते. जयंती मोठ्या थाटात झाली. संघदीपने बटण स्वतः सांभाळलं. लोक म्हणाले, वा, मशीन असावं तर असं. मी मागे तापत होते.

मग ती दुपार आली. अन्नपूर्णाबाई शेजारी बारशाला गेल्या होत्या. तार टाकल्यापासून बल्बकडे पाहायचं सुटलंच होतं. संघदीप शेतात, रीना विहिरीवर. यादोराव एकटे, डोळे मिटून, स्पीकरसमोर. बल्ब पांढरा झाला. आवाज एकदम चढला. यादोराव हसले, मी पाहिलं नाही पण त्यांचा "वाह" मी ऐकला. मग आतला ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागला. मशीनचं काळीज म्हणजे तो. लोखंडाचा जड ठोकळा, त्यावर तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. ती गुरगुर कोणत्याही माणसाने ऐकली असती. यादोरावांना ती ऐकू आली नाही. मी वाट पाहत होते की माझ्या मांडीवरचं काहीतरी तुटेल. तांब्याची जाड तार कशाला तुटते? ती आपली छान तापून बसली होती. माझं अंग मऊ झालं, स्प्रिंग ढिली पडली. वास सुटला, धूर निघाला, आणि गाणं घोगरं होऊन थांबलं.

रीना धावत आली आणि तिने भिंतीतून वायर ओढली. धुरात बसलेले यादोराव तिला म्हणाले, "काऊन बंद केलं वो? आत्ताच तर रंगून राहिलं होतं."

आम्हाला अर्जुनीला ईश्वरदास मिस्त्रीच्या दुकानात नेलं. अन्नपूर्णाबाई स्वतः आल्या, मोटरसायकलवर मागे बसून. ईश्वरदासने मला उघडलं, तारेचं ते भूत चिमट्याने बाहेर काढलं.

"काकी, हे कोणी केलं?"

संघदीप खाली पाहत होता. बाई म्हणाल्या, "मीच केलं समज. पुढचं बोल."

"ट्रान्सफॉर्मर जळला. पूर्ण वाइंडिंग नवीन करावं लागंल."

"कधी देतोस?"

"दोन-चार दिवसांत या ना."

ईश्वरदासचे दोन-चार दिवस कसे असतात ते मी त्याच्या फळीवर बसून पाहिलं. दिवस उजाडला की शेतातली एखादी मोटर यायची. कमी लाईटीने पंपांच्याही मोटरी जळत होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तो माणूस जेवायलाही उठत नसे, आणि आमच्याकडे पाहतही नसे.

बाई पुन्हा आल्या त्या तयारीनेच आल्या. "काय रे ईश्वरदास, तुये दिवस कोणत्या पंचांगातले आहेत?" दुकानातले सगळे हसले. पण बाकावर मनिराम नावाचा एक शेतकरी बसला होता, तो हसला नाही. म्हणाला, "काकी, मायं धान पोटरीवर आलं आहे. दोन दिवस पाणी नाही भेटलं तर सारं पोचट जाईल." त्याची मोटर खोलून पडली होती.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दुकानभर पडलेल्या मोटरींकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर आणखी बरंच काही होतं, मला दिसत होतं. ते त्यांनी गिळलं.

"धान पहिले कर," त्या म्हणाल्या. "गाणं थांबते."

गाणं थांबलं, मित्रांनो. कान जायचे मात्र थांबले नाहीत.

धान कापून झालं तेव्हा कुठे ईश्वरदासचा हात आम्हाला लागला. त्याने काम नीट केलं, नावं ठेवायला जागा नाही. ट्रान्सफॉर्मरवर नवे वेढे, नवी डबी, त्यात बरोबर आकड्याचा फ्यूज. मला त्याने कचऱ्यात टाकलं होतं. पण अन्नपूर्णाबाईंची सवय अशी की दुरुस्तीला दिलेल्या वस्तूचं जुनं सामान मोजून परत घ्यायचं, नाहीतर मिस्त्री फसवतो. "आमची जळकी डबी कुठं आहे? दे इकडे." अशी मी घरी परत आले आणि मशीनशेजारच्या कोनाड्यात पडले. आयुष्यात पहिल्यांदा मला मशीन पुढून दिसलं. दिवे खरंच सुंदर नाचतात. आता मान्य करते.

रीनाने ते सरकतं बटण २२० वर करून त्याच्यावर नेलपॉलिश ओतलं, म्हणजे पुन्हा कोणाला हलवता येऊ नये. संघदीपने यादोरावांची आवडती कॅसेट लावली. लाईट भरपूर होती. पंप बंद होते. आवाज पूर्ण. अनुसयाबाई अंगणात येऊन उभी राहिली. पेटी, ढोलकी, कोरस, सगळं स्वच्छ.

यादोराव खाटेवर मांडी घालून बसले. अंगात धुतलेला सदरा. स्पीकरकडे पाहत राहिले.

"लाव ना गा," ते संघदीपला म्हणाले. "कायची वाट पाहून राहिला?"

गाणं चालू होतं. संघदीपने आईकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई उठल्या, नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि सारं बळ लावून ओरडल्या, "लाईट नाही आहे! लाईट आली का लावून देतो!"

यादोरावांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग बायकोकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत होत्या, जो सारखाच होता.

"बरं," यादोराव म्हणाले. "आली का सांगजो."

आता तुम्हाला काय सांगू, मित्रांनो? मी दमले आहे. तुम्ही शिकलेले आहात, पुस्तकं वाचता. तुमच्या घरातली एखादी वस्तू बंद पडली तर आधी भिंतीतून वायर काढा, मोठ्या माणसाला बोलवा आणि फ्यूज उजेडात धरून पाहा. काच स्वच्छ असेल तर त्याच आकड्याचा दुसरा टाका. काच काळी असेल, किंवा दुसराही लगेच गेला, तर हात मागे घ्या. तो कच्चा नव्हता. तो काहीतरी सांगून गेला आहे. त्याच्या जागी तार टाकू नका, पत्रा टाकू नका, सिगारेटच्या पाकिटातली चमकी टाकू नका. सांगणाऱ्याचं तोंड बांधून घर शांत होत नाही, फक्त कळायला उशीर होतो. आणि जे जातं ते दरवेळी अर्जुनीला नेऊन नवीन वेढे मारून आणता येत नाही.

अन्नपूर्णाबाई अजून रोज दुपारी मशीनवरचं क्रोशाचं झाकण काढतात, पुसतात, परत घालतात. यादोराव कधी विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंच्या तोंडावर असतं. मी कोनाड्यातून पाहते.